झोपवलेले टॅब

शिफ्ट आणि एस्केप ही दोन बटणं एकत्र दाबली की क्रोममध्ये एक छोटी खिडकी उघडते. हा क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर, विंडोजचा वेगळा. ब्राउझरमध्ये जे जे चालू आहे त्याची इथे ओळीनं यादी दिसते. उघडे टॅब, एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला वरून जोडलेली छोटी साधनं), शिवाय आपण नावही न ऐकलेल्या काही प्रोसेस, म्हणजे आत स्वतंत्रपणे चालू असलेली कामं. प्रत्येकीसमोर तिनं अडवलेल्या मेमरीचा आकडा. त्या रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त मेमरी घेणारी ओळ वर येते. ज्यांचा लॅपटॉप जुना आहे त्यांनी ही खिडकी एकदा तरी निवांत बघावी, असं मला मनापासून वाटतं.

माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा आहे. रॅम म्हणजे चालू कामांसाठीची तात्पुरती मेमरी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. एका बाजूला वर्डमध्ये पुस्तकाचं प्रूफ आणि दुसऱ्या बाजूला ब्राउझर, अशी दिवसभराची मांडणी. ब्राउझरमध्ये मराठी विश्वकोश, शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचे जुने मराठी शब्दकोश, लेखकाची मेल आणि सकाळी उघडलेली एखादी बातमी. त्या खिडकीत बघितलं तर शब्दकोशाचं पान यादीत पार तळाशी असतं. नुसती अक्षरं, दुसरं काही नाही. बातमीचं पान मात्र वरून पहिलं किंवा दुसरं, तीनशे-चारशे एमबी धरून बसलेलं. बातमी सकाळीच वाचून झालेली असते. पानाचं काम मात्र संपलेलं नसतं. कोपऱ्यात आवाज बंद ठेवून एक व्हिडिओ चालू असतो, जाहिराती ठरावीक वेळानं बदलत असतात, मी किती खाली स्क्रोल केलं याची नोंद कुठेतरी जात असते. मी त्या टॅबकडे बघतही नसताना हे सगळं माझ्याच रॅममध्ये आणि माझ्याच विजेवर चाललेलं असतं.

४ जीबी म्हणजे नेमकं किती, हे त्यावर काम केल्याशिवाय कळत नाही. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग विंडोज आणि तिची बारीकसारीक कामं घेतात. उरलेल्यात वर्ड, अँटिव्हायरस आणि ब्राउझर यांनी भागवायचं. रॅम भरली की विंडोज जे वापरात नाही ते उचलून डिस्कवर ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, असेल तर ही ने-आण फारशी जाणवत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरती हार्ड डिस्क असते, तिथे मात्र डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही, कर्सरचं चक्र फिरत राहतं आणि टाइप केलेली अक्षरं दोन-तीन सेकंदांनी एकदम उमटतात. आपण ‘हँग झाला’ म्हणतो ते बहुतेक वेळा हेच. यंत्र बिघडलेलं नसतं, त्याला जागा पुरत नसते. आणि नेमक्या याच टप्प्यावर घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘आता नवीन घेऊन टाक.’

वापरात नसलेला टॅब पट्टीवर तसाच ठेवून त्याचं आतलं काम थांबवायचं, याला टॅब झोपवणं म्हणतात. या सोयीविषयी मला इतकं आपुलकीनं लिहावंसं वाटतं ते यामुळे. १६ जीबी रॅम असलेल्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी काही बिघडत नाही. रॅम वापरण्यासाठीच असते, ती रिकामी ठेवून काही मिळत नाही. पण जुन्या यंत्रावर शिकणाऱ्या, फॉर्म भरणाऱ्या, पोटापाण्याचं काम करणाऱ्या माणसाला ही सोय आणखी दोन-तीन वर्षं काढून देते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. ज्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही अशी चांगली चालती यंत्रं एका तारखेत ‘जुनी’ ठरली. अशा वेळी त्यांचं आयुष्य वाढवणारी प्रत्येक गोष्ट मला मोलाची वाटते.

ब्राउझरला इतकी मेमरी लागते तरी कशाला, हा प्रश्न रागानं विचारला जातो. त्याचं उत्तर मात्र शांतपणे समजून घेण्यासारखं आहे. क्रोम आला २ सप्टेंबर २००८ ला. त्याआधीच्या ब्राउझरांत सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये चालायचे. एक पान अडकलं की सगळी खिडकी जायची, अर्धवट लिहिलेल्या मेलसकट. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसलेल्यांना ते चांगलं आठवत असेल. क्रोमनं टॅबांना वेगवेगळ्या प्रोसेस दिल्या. एक पडला तर बाकीचे उभे राहतात आणि एका पानाला दुसऱ्याच्या खोलीत शिरता येत नाही. पण प्रत्येक प्रोसेसला स्वतःची मांडामांड लागते आणि तिची किंमत मेमरीत मोजावी लागते. पुढे जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष जाहीर झाले. एका प्रोसेसमध्ये शेजारी बसलेल्या संकेतस्थळानं दुसऱ्याची गुपितं वाचणं तत्त्वतः शक्य आहे, हे कळलं. त्याच वर्षी क्रोम ६७ मध्ये वेगवेगळ्या संकेतस्थळांना सक्तीनं वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवायला सुरुवात झाली, आणि त्यानं मेमरीचा वापर १० ते १३ टक्क्यांनी वाढतो हे गूगलनंच सांगितलं. म्हणजे या खर्चातला बराच भाग आपल्या बँकेच्या टॅबला शेजारच्या फडतूस टॅबपासून दूर ठेवण्यासाठी आहे. तो वाया गेला असं मी म्हणणार नाही. माझा राग आहे तो वाचून झालेल्या पानातल्या त्या मुक्या व्हिडिओवर.

दिवाळीत भाची आली होती. ती पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत सकाळी सातला जागा धरायची आणि रात्री दहाला उठायचं. लॅपटॉप तिच्या बाबांचा जुना, तोही ४ जीबीचा. ‘मावशी, हा सारखा हँग होतो, बघ ना’ म्हणून तिनं तो माझ्यासमोर ठेवला. वरची पट्टी टॅबांनी इतकी भरली होती की नावं तर सोडाच, चिन्हंही धड दिसत नव्हती. आयोगाचा अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, राज्यघटनेवरची व्याख्यानं, चालू घडामोडींचे मासिक सारांश, आणि एकच नकाशा तीनदा उघडलेला. मी एका टॅबच्या फुलीवर कर्सर नेला तर तिनं माझा हातच धरला.

‘नको ना, बंद नको करूस. त्यात माझं सगळं आहे.’

‘अगं, मग बुकमार्क करून ठेव.’

‘बुकमार्क केलं की मी परत कधीच बघत नाही गं. डोळ्यासमोर असलं की करायचंय हे लक्षात राहतं.’

तिचं म्हणणं मला पटलं. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये या सवयीचा अभ्यास मांडला तेव्हा हेच समोर आलं होतं. उघडा टॅब हे लोकांसाठी राहिलेल्या कामाचं स्मरण असतं, आणि एकदा बंद केलेलं पान नजरेआड होऊन हरवेल या भीतीनं ते बंद होत नाहीत. त्यांच्या एका पाहणीत तर सुमारे चौथा हिस्सा लोकांनी सांगितलं की टॅब फार झाल्यामुळे त्यांचा ब्राउझर किंवा संगणक बंद पडला आहे. अशा माणसाला ‘टॅब बंद करायची सवय लाव’ हा सल्ला देऊन काही होत नाही. टॅब पट्टीवर दिसत राहावा आणि तरी त्यानं जागा अडवू नये, ही तिची गरज होती. टॅब झोपवण्यानं नेमकं तेवढंच होतं.

झोपवण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या बहुतेकांच्या मनात एक होऊन बसलेल्या असतात. पहिल्या तऱ्हेत पान गोठवलं जातं. त्यातली स्क्रिप्ट (पानाला हलतं ठेवणाऱ्या सूचना) थांबते, टायमर थांबतात, प्रोसेसरवरचा भार जातो; पण पान मेमरीत तसंच राहतं. टॅबवर परत गेलात की होता तसा पुढे चालू होतो. दुसऱ्या तऱ्हेत पान मेमरीतून काढूनच टाकलं जातं. पट्टीवर नाव आणि चिन्ह दिसतं, आत काही नसतं. दारावर पाटी तशीच आणि घर मात्र रिकामं करून दिलेलं. तुम्ही क्लिक केलंत की ब्राउझर त्या पत्त्यावर जाऊन पान नव्यानं आणतो. मेमरी खऱ्या अर्थानं मोकळी होते ती या दुसऱ्या तऱ्हेत. पण परत येणारं पान तेच असेल असं नाही. बातमी बदललेली असेल, लॉगिन संपलेलं असेल, अभ्यासिकेतल्या वायफायनं मान टाकली असेल तर पान येणारही नाही. झोपवलेला टॅब म्हणजे जपून ठेवलेलं पान नव्हे, जपलेला असतो तो फक्त पत्ता. भाचीला मी आधी हे समजावलं आणि मगच सेटिंगला हात लावला. जे जपायचंच आहे ते पीडीएफ म्हणून उतरवून घे, असं तिला सांगितलं.

फोनवर हे सगळं आपण वर्षानुवर्षं न सांगता सोसत आलो आहोत. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये जुन्या टॅबवर गेलं की पान पांढरं होऊन पुन्हा लोड होतं, ते याच कारणानं. फोनमधली मेमरी आणखी तोकडी. (तिथे टॅब शंभर झाले की आकड्याच्या जागी हसरा चेहरा येतो. माझ्या ओळखीतल्या अर्ध्याअधिक लोकांच्या फोनवर तो आहे.)

संगणकावर मात्र ही सोय ब्राउझर बनवणाऱ्यांच्या आधी वापरणाऱ्यांनी स्वतःच करून घेतली, आणि त्या गोष्टीतलं एक प्रकरण प्रत्येकानं माहीत करून घ्यावं असं आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक मोफत एक्स्टेन्शन होतं. एका माणसानं हौसेनं लिहिलेलं, सगळ्यांना बघता येईल असा मोकळा कोड. ठरावीक वेळ टॅबकडे कुणी फिरकलं नाही की ते त्या पानाच्या जागी स्वतःचं एक हलकं, फिकट पान आणून ठेवायचं: ‘क्लिक करा, पान परत येईल’ अशा अर्थाचं. क्रोमवर त्याचे वीस लाखांच्या घरात वापरकर्ते झाले. कमी रॅमच्या लॅपटॉपवर कुणी रडकुंडीला आलं की जाणकार हमखास हेच नाव सांगत.

जून २०२० मध्ये त्याच्या निर्मात्यानं ते दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली केलं. नवा मालक कोण, हे वापरणाऱ्यांना कळलं नाही. एक्स्टेन्शनं आपोआप अद्ययावत होतात, त्यामुळे पुढची आवृत्ती कुणाचीही परवानगी न घेता लाखो संगणकांवर पोचली. कोड वाचू शकणाऱ्या काही जागरूक लोकांनी त्या वर्षाच्या शेवटी दाखवून दिलं की नव्या आवृत्तीत माग काढणारा आणि बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकणारा भाग घातलेला आहे. नोव्हेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या एज या ब्राउझरच्या एक्स्टेन्शन-दुकानातून ते काढलं. ४ फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास गूगलनं ते घातक ठरवून काढून टाकलं आणि लोकांच्या संगणकांवरही बंद केलं.

आणि त्याबरोबर लोकांचे झोपवलेले टॅब गेले. ते टॅब प्रत्यक्षात त्या एक्स्टेन्शनचीच पानं दाखवत होते. एक्स्टेन्शन गेलं, तशी पानंही गेली. कुणाचं प्रबंधाचं वाचन, कुणाची नोकरीसाठी काढून ठेवलेली पानं. सुदैवानं एक वाट उरली होती. झोपलेल्या पानाचा पत्ता एक्स्टेन्शनच्या नावानं सुरू व्हायचा, त्यापुढे अक्षरांची लांबलचक माळ असायची आणि अगदी शेवटी मूळ पानाचा खरा पत्ता लिहिलेला असायचा. हिस्ट्रीत जाऊन त्या माळेतून शेवटचा तुकडा कापून घेतला की पान सापडत होतं. कित्येकांनी रात्र-रात्र बसून एकेक पत्ता असा सोडवून घेतला, आणि ज्यांना ही युक्ती जमली त्यांनी ती सविस्तर लिहून इतरांना दिली. जुन्या स्वच्छ कोडवरून कुणी नवं एक्स्टेन्शनही उभं केलं. मला यातली ही मदतीची बाजू फार मोठी वाटते.

यातून मी ठरवलेली गोष्ट साधी आहे. जे काम ब्राउझरला स्वतःला येतं, त्यासाठी बाहेरच्याला घरात घेऊ नये. टॅब झोपवणारी अशी एक्स्टेन्शनं बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरची माहिती वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागतात. ती परवानगी म्हणजे बँक, मेल, दवाखान्याचे रिपोर्ट, सगळंच आलं. आज चांगल्या माणसाला दिलेली परवानगी उद्या तो माणूस गेला तरी तशीच राहते.

आणि आता ब्राउझरला हे काम खरोखरच येतं. फायरफॉक्स या ब्राउझरनं २०११ मध्ये मेमरीची गळती थांबवण्याची मोहीम काढली होती, आणि २०१२ पासून तो जुने टॅब परत उघडताना सगळे एकदम लोड न करता, ज्यावर क्लिक कराल तेवढाच लोड करतो. क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये, मेमरी अगदी संपत आली की निष्क्रिय टॅब काढून टाकायला सुरुवात केली. २०२१ च्या सुरुवातीला एजमध्ये झोपणारे टॅब आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फायरफॉक्स ९३ विंडोजवर मेमरी कमी पडल्यावर टॅब मेमरीतून उतरवू लागला. समोर असलेल्या टॅबला तो हात लावत नाही, आणि आवाज चालू असलेले किंवा पिन केलेले टॅब शक्यतो शेवटी घेतो. डिसेंबर २०२२ मध्ये क्रोमचा मेमरी सेव्हर आला. तो मेमरी संपायची वाट बघत नाही. टॅब काही काळ वापरला नाही की त्याला आधीच झोपवतो. त्यानं मेमरीचा वापर ३० टक्क्यांपर्यंत कमी होतो असं गूगल म्हणतं. जून २०२५ च्या फायरफॉक्स १४० मध्ये तर टॅबवर उजवं क्लिक करून तो आपल्या हातानं उतरवता येतो. मला ही हातानं करायची सोय सगळ्यात जास्त आवडली. कुठलं पान लागणार नाही हे माझ्यापेक्षा कुणाला जास्त कळणार?

भाचीच्या लॅपटॉपवर क्रोम होता. सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथे मेमरी सेव्हर, आणि त्यातला सगळ्यात कडक पर्याय निवडला. थोड्या वेळानं एकेका चिन्हाभोवती ठिपक्यांचं वर्तुळ दिसायला लागलं. म्हणजे तो टॅब झोपला. ती बराच वेळ नुसती बघत होती. मग तिनं स्वतःच घटनेच्या व्याख्यानाचा टॅब उघडला, तो क्षणभरात आला, आणि डिस्कचा दिवा विझलेला होता. ‘सगळे आहेत की गं!’ असं ती म्हणाली. त्यानंतर तिनं त्या तीन नकाशांतले दोन आपणहून बंद केले.

एका ठिकाणी मात्र माझं अजून समाधान झालेलं नाही, ते म्हणजे ऑनलाइन अर्ज. अर्धवट भरलेला अर्ज दिसला तर क्रोम तो टॅब सहसा झोपवत नाही. आवाज चालू असेल, डाउनलोड चालू असेल, स्क्रीन शेअर केलेला असेल तरीही नाही. पण सहसा म्हणजे नेहमी नव्हे. शिवाय बऱ्याच वेळा दोष झोपेचा नसतोच. अनेक संकेतस्थळं काही मिनिटं हालचाल दिसली नाही की सर्व्हरच्या, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या संगणकाच्या, बाजूनंच सेशन (आपलं चालू लॉगिन) संपवतात. टॅब टक्क जागा असला तरी ‘सबमिट’ दाबल्यावर पहिल्या पानावर नेऊन टाकतात. शेवटच्या तारखेला, लोडशेडिंग सांभाळत, अपलोड होत नसलेला फोटो तिसऱ्यांदा लहान करून बसलेल्या मुलीला ब्राउझर आणि सर्व्हर यातला फरक समजावून काय उपयोग? तिचा अर्ज गेलेला असतो.

आणि हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जास्त लागतं. टॅब नजरेआड होताना ब्राउझर पानाला तशी सूचना देतो. पान मेमरीतून काढल्यानंतर परत आलं, तर तू मध्ये काढलं गेलं होतंस हेही क्रोम त्याला २०१८ पासून सांगतो. त्या सूचनेवर भरलेला मजकूर तिथल्या तिथे साठवून ठेवणं आणि पान परत आल्यावर पुन्हा रकान्यांत आणून ठेवणं, हे वेबसाइट बनवणाऱ्यासाठी फार तर एक-दोन दिवसांचं काम. मेल लिहिताना मसुदा आपोआप जपला जातो, मग शिष्यवृत्तीच्या, भरतीच्या, प्रवेशाच्या अर्जात तो का जपला जाऊ नये? हे अर्ज भरणारी मुलं बहुतेक करून जुन्याच यंत्रांवर असतात, किंवा फोनवर. अर्जाची वेबसाइट बनवून घेणाऱ्या प्रत्येक खात्यानं आणि महाविद्यालयानं कंत्राटात ही एक ओळ घालावी आणि काम ताब्यात घेण्याआधी ४ जीबीच्या लॅपटॉपवर अर्ज स्वतः भरून बघावा.

तोवर भाचीला सांगितलंय ते असं. मेमरी सेव्हरच्या खालीच ‘या साइट नेहमी सक्रिय ठेवा’ अशा अर्थाची एक यादी आहे. अर्ज भरायच्या दिवशी त्या संकेतस्थळाचा पत्ता तिथे टाकायचा. लांब उत्तरं आधी नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह करायची आणि मग चिकटवायची. फोटो आणि सही आदल्या दिवशीच हव्या त्या आकाराची करून ठेवायची. आणि भरलेल्या प्रत्येक पानाचा, पुढे जाण्याआधी, एक स्क्रीनशॉट घ्यायचा.